राउटर कुठे ठेवावा

ता. ४ जून

चि. धाकटीस,
दादाचा आशीर्वाद.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू पदरचं घालतेस, म्हणून पत्र लिहितो. शिवाय सारा जन्म टपाल कचेरीत घालवलेल्या बाईला पत्र पाठवायचं नाही, तर कुणाला?

आमच्याकडे इंटरनेट येऊ घातलं आहे. सूनबाईला नोकरी लागली. वरच्या खोलीत बसायचं आणि पडद्यावरून कुठकुठल्या मुलांना गणित शिकवायचं. मी जन्मभर भाषा शिकवली, पण पोराच्या पाठीवर हात ठेवल्याशिवाय कविता त्याच्या आत उतरली, असं मला कधी वाटलं नाही. गणिताला पाठ लागत नसावी.

वेळ मात्र नेमकी संध्याकाळची निघाली. आमची संध्याकाळ तू पाहिली आहेस. माझा मुलगा गेला तेव्हापासून या घरात दिवसा कुणी कुणाशी फारसं बोलत नाही. पण उन्हं कलली की सूनबाई चहा घेऊन खाली येते, बिट्टी माझ्या गुडघ्याला टेकते आणि मी शाळेच्या जुन्या पुस्तकांतल्या कविता म्हणतो. नदीची, पाखरांची, परगावी निघालेल्या लेकाची. बिट्टी ओळीचा शेवटचा शब्द माझ्या आधी म्हणून टाकते आणि आईकडे बघून हसते. तेवढ्या वेळापुरतं घर पुन्हा भरल्यासारखं वाटतं. आता त्याच वेळी वरचं दार लागणार. नातही आईच्या मागे वर पळणार.

असो. काळ पुढे जातो, आपण फाटकापाशी उभे. त्यासाठी राउटर नावाचा डबा लागतो म्हणे. तुझ्या दुकानदार चिरंजीवाला विचारून कळव, कोणता घ्यावा, कुठे ठेवावा आणि कुठे ठेवू नये. शेवटचं नीट विचार. मला यातलं ओ की ठो कळत नाही.

तुझा,
दादा


ता. ११ जून

ती. दादास,
धाकटीचा नमस्कार.

तुझं पत्र वाचून दाखवलं तर आमचा दुकानदार म्हणतो, "मामाला राउटर? मामा अजून घड्याळाला किल्ली देतो!" मी म्हटलं, तोंड आवर आणि गिऱ्हाइकाला सांगतोस तसं सांग. तर ऐक.

घर तुमचं दुमजली आणि भिंती जाड. तेव्हा एका शेंडीचा स्वस्तातला राउटर नको, चार अँटेनांचा घ्या. तो दोन प्रकारच्या लहरी सोडतो. एक लांबवर जाते, पण सावकाश. दुसरी वाऱ्यासारखी पळते, पण भिंत आली की दमते. वरच्या मजल्यावर शिकवायचं तर दोन्ही हव्यात.

ठेवायचा घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्या जागी. मी त्याला तुमच्या घराचा नकाशा काढून दाखवला. तो म्हणाला, जिन्याच्या वळणावरची भिंत, डोळे मिटून.

आता कुठे ठेवू नये. जमिनीलगत नको. कोपऱ्यातल्या खोलीत नको. लोखंडी कपाटामागे तर मुळीच नको, लोखंड लहरींना पुढे जाऊच देत नाही. मोठा आरसा त्यांना माघारी धाडतो. पाण्याचं भरलेलं पिंप त्या पिऊन टाकतं. मला तर हे ऐकून माझ्या सासरच्यांची आठवण झाली!

आणि दादा, पोरीला नोकरी लागली आहे, तर तोंड एरंडेल प्यायल्यासारखं करू नकोस. तू बोलत नाहीस, पण तुझं न बोलणंही भिंतीपलीकडे ऐकू येतं. हे पत्र तिलाही वाचायला दे.

तुझी,
धाकटी


ता. १४ जून

ती. आत्यांस,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र बाबांनी मला वाचायला दिलं. त्यातली माहिती फार उपयोगी पडली. चार अँटेनांचा राउटर मागवला आहे.

एक गोष्ट तुम्हालाच सांगते. हा पहिला काळ परीक्षेचा आहे. तास मधेच तुटू लागले तर कंपनी घरून शिकवू देणार नाही. मग मोठ्या शहरातल्या त्यांच्या कचेरीत जाऊन बसावं लागेल, म्हणजे बिट्टीला घेऊन इथून निघायचं. नोकरी तर सोडता येणार नाही, तिचं पुढचं सगळं त्यावर आहे. बाबांना सोबत चला म्हणून सहज विचारून पाहिलं. म्हणाले, "या जिन्यावर माझ्या मुलाची पावलं आहेत. मी कुठे जाऊ?" ते येणार नाहीत आणि त्यांना एकटं टाकून जाणं माझ्याच्याने होणार नाही. आई गेल्यावर आणि हे गेल्यावर त्यांच्याकडे आम्ही दोघीच उरलो. म्हणून काहीही करून हे इथेच जमायला हवं.

यातलं बाबांना काही कळवू नका. मानी आहेत. मी त्यांच्यासाठी अडकून पडले आहे, असं त्यांना वाटलं तर जेवायचे नाहीत.

आपली,
सून


ता. २० जून

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

राउटर लागला. वायरवाला आला होता. खांद्यावर वायरचं वेटोळं, ओठांत स्क्रू धरलेले, बोलायचा तेव्हा कुठला तरी पक्षी चोचीत काडी धरून बोलतो आहे असं वाटायचं. जिन्याच्या वळणाशी थांबला आणि म्हणाला, "आजोबा, हीच जागा. हा फोटो वीतभर सरकवला की काम झालं."

तो फोटो कुणाचा ते तुला ठाऊक आहे. मी नुसता बघत राहिलो. सूनबाई मागे उभी होती. मग मी हळूच म्हटलं, "बाळ, त्याला उठवायचं का इथून? एका डबड्यासाठी?"

धाकटे, पोरीचा चेहरा असा उतरला! म्हणाली, "नको, नको बाबा. चुकलंच माझं. तुम्ही म्हणाल तिथे लावू." वायरवाल्यानेही ओठांतले स्क्रू काढून हातात घेतले.

मग माझ्या कोपऱ्यातल्या खोलीत लावून घेतला. लोखंडी कपाटामागे कोनाडा आहे ना, तिथे. वायरवाला म्हणाला, "इथून वर काही पोचायचं नाही हो." मी म्हटलं, "समोर ठेवला तर त्याचे लुकलुकते डोळे मला झोपू देणार नाहीत. म्हाताऱ्याची झोप चिमणीएवढी, एका डोळ्याने उडते." तो हसला आणि भोक पाडायला लागला. म्हाताऱ्यांचं सगळे ऐकतात, फक्त काय ऐकायचं ते आपण नीट सांगायला हवं.

वेगवान लहर भिंतीला दमते, हे तू काय सुंदर लिहिलंस! मी दोनदा मोठ्याने वाचलं. एवढंच विचारायचं होतं. कपाटाच्या दाराला आपल्या आईचा उभा आरसा आहे, त्याचा उपद्रव कितपत व्हावा? आणि पिंप केवढं असलं म्हणजे बाधतं? नुसतं कुतूहल.

तुझा,
दादा


ता. २७ जून

ती. दादास,
नमस्कार.

कपाटामागे? अरे, मी लिहिलं काय आणि तू केलंस काय! जन्मभर पोरांना "प्रश्न नीट वाचा" म्हणून कान पिळलेस, आणि स्वतः 'नको' या शब्दाच्या खाली जाऊन बसलास. दुकानदार कपाळाला हात लावून बसला आहे.

आरसा बाधतो. त्यावर चादर टाकून काही होत नाही, कपाटच हलव. पिंप मध्यम असलं तरी बाधतं, ते अंगणात ने. तुला एवढी काळजी लागली आहे हे पाहून मात्र बरं वाटलं. मला वाटलं होतं, तू रुसून बसशील.

फोटो हलवायचा नसेल तर नको. सोबत एक लहान डबी पाठवते आहे. तिला रिपीटर म्हणतात. जिन्याच्या वळणावर जो एक प्लग आहे, त्यात खोचायची. खालून आलेली लहर पकडून ती वर ढकलते. यात हयगय करू नकोस, दादा. तिच्या तासांना महत्त्व आहे. का, ते विचारू नकोस, पण आहे.

तुझी,
धाकटी


ता. ५ जुलै

ती. आत्यांस,
सा. नमस्कार.

तुम्ही पाठवलेली डबी मिळाली. लावली तेव्हा दोन तास कसे स्वच्छ झाले! मुलं म्हणाली, "आज तुम्ही जवळ बसल्यासारख्या वाटता." मी वरच्या खोलीत एकटीच हसले.

दुसऱ्या दिवशी बघते तर डबी काढून पायरीवर ठेवलेली, आणि त्या प्लगमध्ये बाबांनी यांच्या फोटोपुढे एक छोटा विजेचा दिवा लावलेला. बाबा खालून म्हणाले, "इतके दिवस अंधारात ठेवला होता आपण त्याला." आत्या, तो दिवा मी कोणत्या हाताने काढू? एक्स्टेन्शन बोर्ड आणते म्हटलं, तर म्हणाले, "एकाच वायरवर तो आणि तुझी डबी?" वर इंटरनेटची वेगळी लाईन घेते म्हटलं, तर म्हणाले, "म्हणजे एका घरात दोन चुली. लोक म्हणतील, मुलगा गेला आणि सून वेगळी झाली." हे सगळं किती प्रेमाने बोलतात! आवाज चढत नाही, डोळे भरून येतात. मग मलाच लाज वाटते.

तास तुटत आहेत. आवाज जातो, मुलं वाट पाहतात आणि निघून जातात. कंपनीची पहिली ताकीद आली, आज दुसरी आली. बाबांचा दोष नाही, त्यांचं दुःख मोठं आहे. पण काही सुचलं तर कळवा. लवकर.

आपली,
सून


ता. ८ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आज मन इतकं प्रसन्न आहे की शाई सांडावी तसं सांडतं आहे. काल संध्याकाळी वरचं दार मधेच उघडलं. सूनबाई खाली आली. डोळे लाल. तिने चहा टाकला. बिट्टी आली आणि गुडघ्याला टेकली. मी नदीची कविता काढली. ती ओळ आली, जिथे नदी वळणावर मागे वळून डोंगराकडे बघते, आणि सूनबाईच्या डोळ्यांना धार लागली. किती दिवसांनी कविता तिच्या आत उतरली! मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेर उन्हं कलली होती. घर पुन्हा घर झालं.

आता गुपित सांगतो. तुझ्या चिरंजीवाला माझा निरोप दे की त्याने दिलेली माहिती अगदी अचूक होती. शब्दन्‌शब्द. मी सगळं तपासून पाहिलं. कपाट चांगलंच, आरसा त्याहून चांगला, आणि पिंपाला तर तोड नाही. बागेतलं मोठं पिंप आत आणून, कपाटाच्या बाजूने मागे सरकवून कोनाड्याला टेकवलं आहे. सकाळी उठून मी स्वतः ते काठोकाठ भरतो. पाणी भरताना जो आवाज होतो, तो लहानपणीच्या विहिरीसारखा.

तू म्हणशील, दादा, हे बरं नव्हे. पण विचार कर, यात मी कुणाचं काय घेतलं? आणखी थोडे दिवस तास तुटतील, कंपनी कंटाळेल, नोकरी सुटेल. माझी पेन्शन आहे, घर आहे, आम्हाला काय कमी आहे? ती पुन्हा आमची होईल. पडद्यातल्या परक्या पोरांसाठी माझ्या दोन पाखरांनी पिंजऱ्यात का बसावं?

तुझा सुखी,
दादा


ता. ११ जुलै

दादा,

नमस्कार लिहायला हात उठत नाही.

तास तुटले की नोकरी सुटत नाही, दादा. तास तुटले की तिला मोठ्या शहरात कचेरीत जाऊन बसावं लागतं, बिट्टीला घेऊन. ही अट पहिल्या दिवसापासून आहे. तुला एकटं टाकायचं नाही म्हणून ती इथून शिकवायची धडपड करत होती. तुझ्यासाठी! आणि तू सकाळी उठून पिंप भरत होतास.

मला हे ठाऊक होतं. तिने सांगू नका म्हटलं आणि मी मूर्खासारखी गप्प बसले. तू आरशाचं आणि पिंपाचं विचारलंस, तेव्हा मला वाटलं, दादाला सुनेची काळजी. मी मनाशी म्हटलं, म्हातारा सुधारला.

तुला सगळ्यांची दुःखं पाठ आहेत. नदीचं दुःख पाठ, पाखराचं पाठ. समोरची पोर रडली, तर तुला वाटलं, कविता आवडली!

हे पत्र हातात पडेल त्या क्षणी उठ. पिंप ओत, कपाट ढकल, तो दिवा काढ आणि डबी लाव. माझ्या भाच्याला अंधारात राहायला काही वाटणार नाही. त्याची बायको आणि पोर घरात राहिली, तर तोच जास्त उजेड.

धाकटी


ता. १६ जुलै

चि. धाकटीस,

तू माझी सख्खी बहीण. पाठीला पाठ लावून आलेली. आणि तू मला अंधारात ठेवलंस. जी गोष्ट घरातल्या कर्त्याला सांगायची, ती तुम्ही दोघी बायकांनी आपसात वाटून घेतलीत. मला कुणी एका शब्दाने सांगितलं असतं, तर मी स्वतः शिडीवर चढलो असतो. तेव्हा दोष कुणाचा, ते तूच ठरव. मी काही म्हणत नाही.

तुझं पत्र वाचलं आणि पिंपाला हात घातला. पाणी खोलीभर झालं. कपाटाला खांदा लावला, ते हललं नाही, माझी कंबर मात्र हलली. तसाच भिंतीला धरून उभा होतो, तेवढ्यात सूनबाई दारात आली. हातात मोबाईल. पाण्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "राहू द्या बाबा. आता नको. कंपनीचं उत्तर आलं."

मग तिने सलवारीचा पायचा वर खोचला आणि फरशी पुसून घेतली. मी घसरेन म्हणून.

दादा


ता. २ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

आम्ही सुखरूप पोचलो. खोली लहान आहे, पण उजेड येतो. कचेरी पायी जाण्याजोगी. बिट्टीला शाळा मिळाली.

निघायच्या दिवशी यांचे शाळेचे दाखले घ्यायला मी कपाट थोडं पुढे ओढलं. मला ते ओढता येतं, बाबा, तुम्ही कधी सांगितलंच नाहीत. मागे पिंप रिकामं होतं, पण भिंतीवर पाण्याची रेघ काठापर्यंत होती. आत्यांचं पत्र तुम्हीच मला वाचायला दिलं होतं. कपाट, आरसा, पिंप, कोपऱ्यातली खोली. त्यातलं काहीच सुटलं नव्हतं. परीक्षेत कुणी इतकं बरोबर लिहिलं असतं, तर मी पैकीच्या पैकी दिले असते.

मी भांडणार नाही. मला एकच गोष्ट बोचते. मी तासाच्या वेळी वर रडायची, तेव्हा मनात यांची माफी मागायची की, "तुमच्या फोटोपेक्षा मला एका डबीची जास्त गरज वाटते." ती माफी मी रोज मागितली. तुम्ही ती मागू दिलीत.

बिट्टी रविवारी संध्याकाळी पडद्यावर तुमच्याशी बोलेल. तेवढं मी तोडणार नाही. मोबाईलवर काय दाबायचं, ते वायरवाला येऊन दाखवेल, त्याला सांगून ठेवलं आहे. राउटरही तो नीट जागी लावून देईल. जिन्याच्या वळणावरचा फोटो मी सोबत आणला आहे. ती जागा आता मोकळी आहे.

आपली,
सून


ता. ९ ऑगस्ट

ती. दादास,
नमस्कार.

तिचं पत्र मलाही आलं. तू लिहिलं आहेस की इकडे येऊन राहू का. नको. माझ्या घरातही एक सून आहे आणि तिची संध्याकाळ मला हवी आहे.

रविवारचं बोलणं नीट सांभाळ. दादा, ते तुझ्याजवळचं शेवटचं आहे. मी एवढंच म्हणते, त्या पोरीला तिच्या शाळेचं विचार, मैत्रिणींचं विचार. ऐक. कविता म्हणत बसू नकोस.

धाकटी


ता. ३० ऑगस्ट

चि. धाकटीस,

वायरवाला येऊन राउटर जिन्याच्या वळणावर लावून गेला. फोटोचा खिळा होता, त्यालाच अडकवला. चारही अँटेना ताठ. आता घरात अशी एक जागा नाही, जिथे लहर पोचत नाही. मी वरच्या खोलीत मोबाईल घेऊन उभा राहिलो, गच्चीवर गेलो, अंगणात फाटकापर्यंत गेलो. सगळीकडे भरभरून. वायरवाला म्हणाला, "आजोबा, आता कध्धी तुटायचं नाही."

पहिल्या रविवारी बिट्टी खूप बोलली. शाळा, बाई, बाकावरची मैत्रीण, दात पडला तो. मी ऐकलं. तू म्हणाली होतीस म्हणून ऐकलं. पण धाकटे, संध्याकाळ होती. बिट्टी डोळ्यांसमोर होती. मी नदीची काढली. तिने शेवटचे शब्द म्हटले, पण हळू, आणि आईकडे बघून नाही. दुसऱ्या रविवारी मी पाखरांची म्हटली. ती मधे मधे कुठेतरी बाजूला बघत होती. तिकडून पोरांच्या खेळण्याचा आवाज येत होता.

काल तिसरा रविवार. मी परगावी निघालेल्या लेकाची कविता काढली. दुसरं कडवं सुरू केलं आणि चित्र थांबलं. बिट्टीचं तोंड अर्धवट उघडं, एक हात गालापाशी, डोळे माझ्यावर. तशीच. मी म्हटलं, "बिट्टी?" मनात आलं, वायरवाला खोटं बोलला. जिन्यावर जाऊन राउटर पाहिला. सगळे दिवे हिरवे. परत आलो तरी ती तशीच, तोंड अर्धवट उघडं.

आणि मग मला दिसलं, तिच्या मागचा खिडकीचा पडदा हलत होता.

वाऱ्याने फुगत होता, पुन्हा बसत होता. वरचा पंखा फिरत होता. आणि मधोमध माझी नात श्वास रोखून बसली होती. पापणीसुद्धा लवू देत नव्हती. डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं, न मिटल्याने. अगदी लहान आहे ती, पण किती चिकाटी! कुणी शिकवलं नसेल तिला. तिचं तिलाच सुचलं असणार.

मी किती वेळ बघत राहिलो, ठाऊक नाही. लेकराला त्रास होत होता. शेवटी मीच म्हटलं, "अगंबाई, आमच्याकडेच काहीतरी बिघडलं वाटतं. रेंज गेली."

बटण दाबलं. काळं होता होता दिसलं, तिने केवढा तरी मोठा श्वास सोडला आणि उठून पळाली.

दादा